बॉयफ्रेंड म्हणजे डॉक्टर नव्हे

'हार्टस्टॉपर'चे पहिले दोन सीझन मला जरा जास्तच गोड वाटतात, हे आधीच सांगून टाकतो. इंग्लंडमधली शाळा, ड्रम वाजवणारा चार्ली, रग्बी खेळणारा निक, आणि हातात हात आला की पडद्यावर उडणारी कार्टूनची पानं. ऑक्टोबर २०२४मध्ये नेटफ्लिक्सवर आलेला तिसरा सीझन मात्र वेगळ्या कारणासाठी बघावा. इथे प्रेम जमलेलं आहे, घरच्यांना माहीत आहे, मित्र सोबत आहेत. आणि तरीही मुलगा जेवत नाही.

ते निकच्या लक्षात येतं. आपल्या सिनेमांत पुढचं ठरलेलं असतं. जीव लावणारं माणूस मिळालं की मनाचं दुखणं आपोआप पळतं. इथे निक सुट्टीत मेनोर्का बेटावर असताना त्याच्या आंट डायॅनशी बोलतो. ती सायकिअ‍ॅट्रिस्ट आहे. हे तुझ्या एकट्याच्या आवाक्यातलं नाही, चार्लीला डॉक्टरची गरज आहे, असं ती त्याला समजावते. सीझनमधला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग हाच. कारण गे मुलांच्या गोष्टींत 'स्वीकार' हा शेवट असतो. आई रडते, मिठी मारते, नावं येतात. मिठीनंतरही झोप लागत नसेल तर काय, हे कुणी विचारत नाही.

पुढे चार्ली क्लिनिकमध्ये भरती होतो. त्याला निदान मिळतं अ‍ॅनोरेक्सिया आणि ओसीडीचं. गे असणं त्या निदानात कुठेच नाही. ते आहे त्याच्या इतिहासात: शाळेत सगळ्यांना कळलं, मग मुलांनी छळलं. आजार एक आणि आजाराला खतपाणी घालणारी परिस्थिती दुसरी, ही फोड मालिका भाषण न देता करते. मला ते फार आवडलं.

तक्रार आहे ती पुढची. अ‍ॅलिस ओसमन यांनी क्लिनिकचा सगळा काळ एका भागात, निक आणि चार्लीच्या डायऱ्यांतून उरकला आहे. थेरपिस्ट जेफचं काम एडी मार्सन करतो. इतका चांगला नट, पण बंद दाराआडचं बोलणं आपल्या वाट्याला थोडंच येतं. आणि जेफ आपल्याला 'सरळ' करायला बघेल, ही भीती चार्लीला शिवतही नाही.

आपल्याकडे सुरुवातच त्या भीतीपासून होते. डॉक्टर घरी सांगतील का? 'बरं' करायला निघतील का? ही भीती हवेतून आलेली नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करायला मनाई केली, रुग्णाची माहिती गोपनीय ठेवायला सांगितलं. पुढच्या वर्षी ३७७चा निकाल आला. तरी 'कन्व्हर्जन थेरपी' हे डॉक्टरांचं गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने म्हणायला २०२२ उजाडलं, तेही मद्रास हायकोर्टाने आदेश दिल्यावर. त्या खटल्यातले न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी निकाल देण्याआधी हा विषय समजून घ्यायला स्वतः समुपदेशकासोबत सेशन घेतलं होतं. आपल्याला माहीत नाही म्हणून शिकायला जाणारा न्यायाधीश. त्याच्यावर कुणीतरी मालिका काढा.

मला कंपनीच्या अ‍ॅपवरून फुकट सेशन्स मिळाली होती. पहिल्या मॅडम प्रेमळ होत्या. मी झोपेचं सांगायला गेलो, आणि पन्नासातली पस्तीस मिनिटं त्यांना गे आणि ट्रान्सजेंडर यांतला फरक समजावत बसलो. सेशन माझं, ट्रेनिंग त्यांचं! दुसऱ्या मॅडमनी मात्र 'बरं' म्हणून टिपून घेतलं आणि विचारलं, "झोप साधारण किती वाजता उडते?" एवढंच हवं असतं.

मराठीत हे बोलणं कुणाशी होतं? सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये (२००६) तनयचं सगळं मनोगत सोडून गेलेल्या 'तू'ला उद्देशून आहे. कादंबरी म्हणून ती तिची ताकद आहे. पण ऐकणारा तिथे नसतोच. एकोणिसाव्या वर्षी वाचलं की तो एकटेपणा देखणा वाटायला लागतो, आणि देखण्या एकटेपणासाठी कुणी अपॉइंटमेंट घेत नाही. चार्लीही डायरीच लिहितो, पण उपचार चालू असताना. दोन्हींत फरक आहे तो हा.

भाषेचा घोळ आणखी वेगळा. 'मी गे आहे' हे इंग्रजीत पटकन बोलून होतं. मराठीत 'मला मुलं आवडतात' म्हणताना जीभ जड होते. पण सातवीत मागच्या बाकावरून आलेला 'बायल्या' इंग्रजीत सांगताच येत नाही. त्याचं भाषांतर केलं की तो निरुपद्रवी होतो, आणि समोरचा माणूस मान डोलावून पुढच्या प्रश्नाकडे जातो. चार्लीलाही शाळेत असे शब्द ऐकावे लागले असणार. जेफसमोर बसून त्यातला एखादा तरी तो पहिल्यांदा मोठ्याने उच्चारतो, असा दोन-तीन मिनिटांचा प्रसंग असता, तर त्यासाठी उडणारी सगळी पानं मी आनंदाने सोडली असती.