‘व्हॉक्स पॉप्युली, व्हॉक्स देई’ : एका लॅटिन वचनाच्या वापराची चिकित्सा

प्रस्तावना :

निवडणुकीचे निकाल लागले की अग्रलेखांत व भाषणांत ‘व्हॉक्स पॉप्युली, व्हॉक्स देई’, म्हणजे ‘लोकांचा आवाज हाच देवाचा आवाज’, हे लॅटिन वचन हटकून आढळते. मराठीत त्यासाठी ‘जनता जनार्दन’ किंवा ‘पाचामुखी परमेश्वर’ असे पर्याय योजले जातात. हे समीकरण कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या इतिहासाच्या आधारे केला आहे.

वचनाची पार्श्वभूमी :

या वचनाचा सुप्रसिद्ध जुना उल्लेख इ. स. ७९८ च्या सुमारास आल्क्विन या विद्वानाने शार्लमेन राजाला लिहिलेल्या पत्रात सापडतो. तो समर्थनार्थ नसून निषेधार्थ आहे. असे म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये, कारण जमावाचा गोंधळ नेहमीच वेडाच्या जवळ जाणारा असतो, असा त्याचा आशय. उलट १३२७ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड याच्या पदच्युतीच्या वेळी आर्चबिशप वॉल्टर रेनॉल्ड्स याने हेच वचन प्रवचनासाठी घेतले. तात्पर्य, वचनाचे मोल ते कोणाविरुद्ध उच्चारले जाते यावर ठरते.

जिल्ह्याचा दाखला :

१९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. येथील हिप्परगा गावच्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ यांनी अध्यापन केले. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी आली, तरी लोकांचा आवाज थांबला नाही. जून १९४७ मध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला आणि पुढे रझाकारांचे अत्याचार वाढले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजांनी नळदुर्ग ताब्यात घेतले आणि १७ सप्टेंबरला संस्थान मुक्त झाले. अनियंत्रित सत्तेविरुद्ध उठलेल्या या आवाजाला ‘देववाणी’ म्हणण्यात अतिशयोक्ती असली, तरी अन्याय नाही.

परंतु याच घटनेची दुसरी बाजूही आहे. पोलीस कारवाईनंतर केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या शिष्टमंडळाने मुस्लिम रहिवाशांवर झालेल्या हिंसाचाराची नोंद केली. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचा समावेश होता. दीर्घकाळ अप्रकाशित राहिलेल्या त्या अहवालात आणखी एक नोंद आहे. अनेक हिंदूंनी स्वतःचा जीव धोक्यात घालून मुस्लिम शेजाऱ्यांचे रक्षण केले. त्या क्षणी गर्दी एका बाजूला होती आणि हे मोजके लोक दुसऱ्या बाजूला. देवाचा आवाज कोणत्या बाजूने आला, हे सांगण्यास लॅटिनची गरज भासू नये.

मराठी पर्यायांचा विचार :

‘पाचामुखी परमेश्वर’ या म्हणीतील ‘पाच’ म्हणजे जमाव नव्हे. समोरासमोर बसून, दोन्ही बाजू ऐकून, दिलेल्या निवाड्याची जबाबदारी घेणारे ते पंच होत. या अर्थाने ही म्हण लॅटिन वचनापेक्षा अधिक संयत आहे. तथापि पंचही चुकतात. जातपंचायतींच्या बहिष्कारांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, हे विसरता येत नाही. बहुमतापेक्षा स्वतःच्या मनाची साक्ष प्रमाण मानणारे तुकोबा याच परंपरेतील आहेत.

समारोप :

लोकमत हे सत्तेला जाब विचारण्याचे साधन आहे. ते सत्याचा पुरावा नव्हे. लोकमताने सरकार बदलावे, परंतु एकट्या माणसाचा न्याय त्याने ठरवू नये. वर्गात हे वचन समजावून देताना त्याच्या अर्थाबरोबर आल्क्विनचा आक्षेप आणि आपल्या जिल्ह्याचे १९४८ हे वर्षही सांगितले जावे. अन्यथा आपण विद्यार्थ्यांना लोकशाहीऐवजी केवळ संख्येची पूजा शिकवू.