नांव घ्यावें कीं घेऊं नये?

दोष दाखविणें हें टीकाकाराचें काम आहे, याविषयीं आतां फारसा मतभेद राहिलेला नाहीं; परंतु दोष दाखवितांना दोषीचें नांव घ्यावें कीं घेऊं नये, हा प्रश्न मात्र आमच्या समाजांत अद्यापि सुटलेला दिसत नाहीं. ग्रंथांच्या बाबतींत तो केव्हांच सुटला. ग्रंथकाराचें नांव वगळून ग्रंथाचें परीक्षण करावें, असें कोणीं सुचविल्यास ऐकणारास हंसूं येईल. मग जो न्याय ग्रंथास, तोच न्याय बाजारांत विकावयास मांडलेल्या इतर कृतींस कां लागूं नये? नाशकांत हा प्रश्न आमच्यापुढें आला तो वाइनच्या निमित्तानें. आम्ही या पेयाचे प्रचारक नव्हों, व ज्या घरांत तें वर्ज्य आहे त्या घराच्या नियमाविषयीं आम्हांस आदरच आहे; परंतु प्रश्न पेयाचा नसून टीकेच्या नीतीचा आहे, म्हणून त्याचा येथें विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं, असें वाटतें.

गेल्या हिवाळ्यांत एका व्याख्यानानंतर चहाच्या वेळीं एक सद्गृहस्थ म्हणाले, "नाशिकच्या एका वाइनरीनें यंदा माल अगदीं बिघडवला आहे. नांव घेत नाहीं. उगाच कोणाचें वाईट कशाला?" मंडळींनीं त्यांच्या सौजन्याबद्दल माना डोलावल्या. इतक्यांत दिंडोरीकडील एक द्राक्षबागाईतदार, जे इतका वेळ गप्प बसले होते, ते म्हणाले, "सर, नांव घेतलेंत तर उपकार होतील. नाहींतर मी ज्यांना द्राक्षें घालतों त्यांच्यावरच उद्यां लोक बोट ठेवतील." त्यावर त्या गृहस्थांस कांहीं उत्तर सुचलें नाहीं. आम्हांसही त्या वेळीं सुचलें नाहीं. परंतु घरीं परततांना मनांत आलें कीं, सौजन्य कोणाच्या पदरीं पडलें व दुःख कोणाच्या, याचा हिशेब त्या शेतकऱ्यानें आमच्यापेक्षां अधिक नीट केला होता.

तो हिशेब असा. २००० सालीं सुलाच्या पहिल्या बाटल्या बाजारांत आल्या. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रियेस उत्तेजन देणारें धोरण काढलें, आणि मग या जिल्ह्यांत लहानमोठ्या वाइनऱ्या उभ्या राहिल्या. पुढें 'नाशिक व्हॅली वाइन' या नांवास भौगोलिक मानांकनही मिळालें. अर्थात् हें नांव कोणा एकट्याचें नव्हे; सामायिक विहिरीप्रमाणें तें सर्वांचें आहे. विहिरींत घाण कोणीं टाकली हें ठाऊक असून जो केवळ "पाणी बिघडलें" एवढेंच ओरडत सुटतो, तो एका अपराध्यास वांचवितो व साऱ्या गांवास तहानलेलें ठेवतो. निनांवी निंदा सभ्य दिसते ती एवढ्याचसाठीं कीं, तिनें जखमी झालेले लोक समोर उभे नसतात. नांव घेतल्यानें एकाचें नुकसान होतें, व त्यास उत्तर देतां येतें. नांव न घेतल्यानें सर्वांचें होतें, व उत्तर कोणासच देतां येत नाहीं.

परंतु नांव घेण्याचा अधिकार फुकटचा नाहीं. येथें आमचीच एक हकीकत सांगतों. एका मे महिन्यांत आम्हीं शहरांतील एका दुकानांतून एक बाटली आणली. रंग तपकिरीकडे झुकलेला, चव शिजविलेल्या फळासारखी. आम्हीं मनांतल्या मनांत त्या वाइनरीस दोषी ठरवून टाकलें. सुदैवानें त्या धंद्यांत काम करणारा आमचा एक जुना विद्यार्थी भेटीस आला होता. तो म्हणाला, "सर, हीच बाटली दुसऱ्या दुकानांतून आणून पाहा." पाहिली, ती उत्तम निघाली. पहिल्या दुकानांत बाटल्या कांचेमागें दुपारच्या उन्हांत मांडलेल्या होत्या! त्याच विद्यार्थ्यानें मग आम्हांस सांगितलें कीं, शिजल्यासारखी चव बहुधा सांठवणुकीच्या उष्णतेची असते. व्हिनेगरचा वास हवा व जंतू यांच्यामुळें येतो व त्याचें मूळ बहुधा तळघरांतील हयगयींत असतें. आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर तो बुचांत शिरलेल्या रसायनाचा असूं शकतो, ज्यांत करणाराचा हात क्वचितच असतो. म्हणजे दोष तीन, आणि दोषी तिघे निरनिराळे. एका बाटलीवरून नांव घेणारा टीकाकार आणि एक पान वाचून ग्रंथ फाडणारा परीक्षक, हे सख्खे भाऊच समजावे.

खात्री न करतां नांव घेतल्यास काय होतें, याचा धडा मराठी पत्रसृष्टीनें फार पूर्वींच घेतला आहे. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांजवर केसरी व मराठा या पत्रांनीं आरोप केले. ज्या पत्रांच्या आधारावर ते केले, तीं पत्रें बनावट ठरलीं. टिळक व आगरकर यांनीं क्षमा मागितली, तरीही १८८२ सालीं दोघांस चार महिन्यांची शिक्षा झाली, व १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगांत काढावे लागले. त्यांच्या हेतूविषयीं कोणासही शंका नव्हती. पुरावा मात्र हेतूइतका शुद्ध नव्हता. अलीकडचें उदाहरण पाहूं गेल्यास, २०२० च्या जानेवारींत 'पॅराशूट' खोबरेल तेलाची चित्रफितीद्वारें निंदा करणाऱ्या एका समीक्षकाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठानें ती फीत काढून टाकण्याचा आदेश दिला. प्रकरण पुढें अपिलांतही गेलें. परंतु त्या आदेशाचा रोख नांव घेण्यावर नसून पडताळा न पाहतां केलेल्या विधानांवर होता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

दुसरी मर्यादा कृति व कर्ता यांमधील. १८७४ सालीं निबंधमाला निघाली. तींत विष्णुशास्त्र्यांनीं लोकहितवादी व जोतीराव फुले यांजवर नांव घेऊन टीका केली. हा निर्भीडपणा आम्हीं त्यांजपासून जरूर घ्यावा. परंतु प्रतिपक्षाच्या मुद्द्यांस उत्तर देण्याऐवजीं त्याच्या भाषेची व व्यासंगाची टवाळी करण्याची जी संवय त्या लेखणीस होती, तीही आम्हीं वारशानें उचलली, हें आमचें दुर्दैव. या बाबतींत १८६० ची दंडसंहिता आम्हां साहित्यिकांपेक्षां मार्मिक ठरते. तिच्या अब्रुनुकसानीच्या कलमांत ग्रंथपरीक्षणाचेंच उदाहरण आहे. पुस्तक मूर्खपणाचें आहे, तेव्हां कर्ता दुबळ्या बुद्धीचा असावा, असें सद्भावनेनें म्हटल्यास गुन्हा नाहीं, कारण अनुमान पुस्तकावरून निघालें. परंतु कर्ताच दुबळा व दुर्वर्तनी, मग पुस्तक असें निघालें यांत नवल काय, असें म्हटल्यास संरक्षण नाहीं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी तिच्या ३५६ व्या कलमांत हा विवेक कायम आहे. बाटलीवरून करणाराकडे जावें. करणारावरून बाटलीकडे येऊं नये.

तिसरी गोष्ट मिठाची. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा मद्याची छापील वाखाणणी करणें हाही गुन्हा मानीत असे. १९५१ सालीं बलसारा यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें तेवढा भाग रद्द केला, व स्तुति मोकळी झाली. निंदेस तर त्या कायद्याची आडकाठी कधींच नव्हती. असें असतां आज जिकडेतिकडे स्तुतीच कां ऐकूं येते? कारण उघड आहे: ज्याच्या अंगणांत बसून फुकट चाखलें, त्याच्याविरुद्ध जीभ वळत नाहीं. मासिकांस पुस्तकें भेटीदाखल येतात, परंतु त्यांची "साभार पोंच" निदान छापली तरी जाते. इतर वस्तूंच्या परीक्षकानेंही आपल्या अभिप्रायापूर्वीं तशी पोंच द्यावी, आणि खालीं स्वतःचें नांव घालावें. दुसऱ्याचें नांव उजेडांत आणून स्वतः अंधारांत राहणें यास धैर्य म्हणत नाहींत.

लहान कारखानदारास सांभाळून घ्यावें, असें एक मत आहे. त्यांत करुणा आहे, पण ग्राहकाचे पैसे लहान वाइनरींत गेले म्हणून ते लहान होत नाहींत. आमच्या मतें दोषाचें माप सर्वांस एकच असावें. आवाज मात्र माणूस पाहून खालींवर करावा. चूक अनवधानाची वाटल्यास आधीं खासगी पत्र लिहिणें शोभतें. परंतु वेष्टणावर एक लिहून आंत दुसरेंच भरलें असेल, तर तें जाणण्याचा पहिला हक्क लोकांचा आहे. आणि कारखानदाराचें उत्तर आल्यास, जेथें टीका प्रसिद्ध झाली तेथेंच तें प्रसिद्ध व्हावें.

शेवटीं एक गोष्ट या धंद्यापुरती सांगावीशी वाटते. एप्रिलांत खरड छाटणी, पावसाळा सरतांना फळछाटणी, आणि जानेवारीपासून मार्चपर्यंत वाइनच्या द्राक्षांची तोड, असें हें चक्र आहे. यंदा चुकलेलें सुधारावयास त्या माणसास पुढल्या तोडीची वाट पाहावी लागते. टीकाकाराचा लेख मात्र एका रात्रींत लिहून होतो. म्हणून ज्यानें यंदा एखाद्याचें नांव घेऊन दोष दाखविला, त्यानें पुढल्या वर्षीं त्याच कारखानदाराची नवी बाटली पदरचे पैसे देऊन विकत आणावी, आणि ती चांगली निघाल्यास तितक्याच मोठ्या अक्षरांत तसें लिहावें. एवढी तयारी नसेल, तर दिंडोरीच्या त्या बागाईतदारासमोर नांव घेण्याचाही अधिकार नाहीं, आणि नांव न घेतां कुजबुजण्याचा तर मुळींच नाहीं.