आसन आणि अधिकार : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील न्यायाधीश

निवाडा करणे आणि न्यायाधीश असणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली मनुष्यस्वभावात आहे. दुसरी ही त्या स्वभावाला घातलेली मर्यादा आहे. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाची चर्चा बहुधा मध्यमवर्गीय दांभिकतेच्या अंगाने होते. ती यथार्थ असली, तरी नाटकाचे मर्म या भेदात अधिक स्पष्टपणे सापडते.

नाटकातील पहिला निवाडा काशीकर देत नाहीत. तो लीला बेणारेच देते. इतर मंडळी येण्याआधी सामंतापुढे ती एकेकाची टर उडवते आणि प्रेक्षक तिच्यासह हसतो. तिच्या शब्दांना धार आहे, पण आसन नाही. म्हणून त्यांनी कोणाचे काही हिरावले जात नाही. पुढे तीच मंडळी सामंताच्या सरावासाठी अभिरूप न्यायालय मांडून तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवतात, तेव्हा टवाळीला आसन लाभते. शीर्षकाची भाषाही येथे सूचक ठरते. ‘शांतता!’ या उद्गाराला क्रियापद नाही. ‘कोर्ट चालू आहे’ या वाक्यात बोलणारा माणूस दिसत नाही. व्यक्तीचे हे अदृश्य होणे खऱ्या न्यायालयात संयमाचे लक्षण होय. येथे तो केवळ आडोसा बनतो.

काशीकर आसनाचा अधिकार घेतात, त्याचे बंधन मात्र घेत नाहीत. सुखात्मे दोन्ही पक्षांचे वकील होतात. ज्यांच्यामुळे बेणारेवर हा प्रसंग ओढवला ते प्रा. दामले अनुपस्थित राहून सुटतात. आणि अखेर न्यायाधीश स्वतःच साक्ष देतो. आपल्याच साक्षीवर आपणच निर्णय देणे, हा केवळ नियमभंग नव्हे, तर न्यायाधीशपदाचा लोप होय. भ्रूणहत्येच्या आरोपाची परिणती गर्भ नष्ट करण्याच्या शिक्षेत होते, ती त्यामुळेच.

तथापि एक आक्षेप उरतो. कोर्टाने बेणारेला दिलेल्या दहा सेकंदांचे नाटककार दीर्घ स्वगत करतो. काशीकर दांपत्याचे निपुत्रिकत्व, सुखात्म्यांची न चालणारी वकिली यांचे उल्लेख येतात. परंतु अंतरीचे बोलण्यास त्यांना तसा अवकाश मिळत नाही. दुसरी बाजू न ऐकल्याचा जो दोष नाटक काशीकरांवर ठेवते, तो अंशतः नाटकाकडेही येतो. छळणाऱ्यांनाही तसे दहा सेकंद मिळाले असते, तर बेणारेचे दुःख उणे झाले नसते. प्रेक्षकाला मात्र स्वतःच्या आसनावरून उठावे लागले असते. आज तो तेथे काहीसा स्वस्थ बसून राहतो.