मर्यादित आवृत्तीचं विमान

परीक्षण लिहायला त्या विषयातलं काहीतरी कळावं लागतं, असा एक समज आहे. तो खरा असता तर वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या दोन पानांत आटोपल्या असत्या. मी स्वतः आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकात तीन कादंबऱ्यांची परीक्षणं लिहिली आहेत. त्यांतली एक मी वाचलीही होती. शिवाय मी सातारकर. साताऱ्याला 1961 सालापासून सैनिक स्कूल आहे, आणि तिथले एक विद्यार्थी प्रदीप नाईक 2009 साली वायुदलाचे प्रमुख झाले. तेव्हापासून विमानातलं आपल्याला उपजतच कळतं अशी आम्हां सातारकरांची समजूत आहे. तेव्हा खेळण्यातल्या विमानाचं परीक्षण करायला मी कचरण्याचं कारण नाही.

‘खेळण्यातलं’ हा शब्द मात्र मागे घेतो. तो मी सांगलीला मामांसमोर वापरला होता. कृष्णेकाठी उभं राहून तिला ओढा म्हणावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आता वस्तू. एक पुठ्ठ्याचं खोकं. झाकणावर निळं आकाश, त्यात झेपावणारं चिमुकलं नॅट विमान आणि पुढे धूर सोडत पळणारं सेबर. खोक्यावरचं विमान नेहमी लढत असतं. आतलं तुकड्यांत असतं. आत करड्या प्लास्टिकच्या चौकटी, चौकटींना लटकलेले पंख, शेपूट, चाकं; एक काचेसारखं पारदर्शक झाकण; पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रखुणांचं पान; आणि एक सूचनापत्रक. हे तुकडे कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की विमान तयार. ‘की’ या एका अक्षरात माझे तीन रविवार गेले.

प्रमाण 1/72. म्हणजे सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा. 1932 साली इंग्लंडात ‘स्कायबर्ड्‌स’ नावाच्या लाकडी विमानांनी हे माप रूढ केलं, 1936 साली ‘फ्रॉग’वाल्यांनी त्याच मापात प्लास्टिक आणलं, आणि जग अजून त्याच फूटपट्टीनं चाललं आहे. प्रमाण ही चीज आपल्याला तशी नवीच. दिवाळीत किल्ला आपणही करतो, पण त्यात बुरुजापेक्षा गवळण उंच असते, तळ्यातलं बदक तोफ गिळेल एवढं असतं, आणि कुणाचंही काही बिघडत नाही. मामांचं बिघडतं.

मामांची ओळख करून द्यायला हवी. ते 1968 साली वायुदलात भरती झाले. वैमानिक नव्हे, एअरफ्रेम फिटर. विमानाचा सांगाडा, पत्रा, चाकं, झाकणं यांची देखभाल करणारा माणूस. त्यांची उमेदीची वर्षं नॅटच्या पोटाखाली गेली. पुढे सांगलीला परतून साखर कारखान्याच्या वर्कशॉपात लागले. पण कुणी विचारलं तर अजून ‘मी नॅटवर होतो’ असंच सांगतात. नवख्याला वाटतं, नॅट हे गावाचं नाव.

त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, जर्मनीत असतो. त्यानं वाढदिवसाला हे खोकं पाठवलं आणि सोबत चिठ्ठी: ‘बाबा, लिमिटेड एडिशन आहे. उघडू नका. किंमत वाढत जाते.’ मुलगा गुणी आहे. त्याला किमतीतलं कळतं. त्यामुळे खोकं पारदर्शक कागदासकट सोप्यातल्या कपाटावर देव्हाऱ्याशेजारी जाऊन बसलं आणि मामी रोज देवांबरोबर त्यावरूनही फडकं फिरवू लागल्या. असे आठ महिने गेले.

इथे मर्यादित आवृत्तीबद्दल दोन शब्द लिहिणं परीक्षक म्हणून माझं कर्तव्य आहे. या धंद्यात ‘नवं’ आणि ‘मर्यादित’ या शब्दांचे अर्थ कोशात मिळत नाहीत. तुकडे ओतायचा पोलादी साचा फार महाग पडतो, म्हणून एकदा केलेला साचा वर्षानुवर्षं राबवतात. तुकडे तेच, खोक्यावरचं चित्र आणि आतल्या चित्रखुणा बदलल्या, की झालं नवं विमान. जपानची हासेगावा ही नामांकित कंपनी जुन्याच विमानावर नव्या तुकडीच्या खुणा चढवून मर्यादित आवृत्त्या काढण्यात वाकबगार. चेक देशातली एडुआर्ड त्याहून पुढची: तिच्या मर्यादित आवृत्तीत प्लास्टिक पुष्कळदा दुसऱ्याच कंपनीचं असतं, चित्रखुणा आणि पितळी पत्र्याचे नाजूक भाग तेवढे घरचे. सांगलीकरांना याचं नवल वाटू नये. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली इथे ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, तेव्हापासून कथा जुनी आणि पडदा नवा हा व्यवहार गावाच्या अंगवळणी आहे.

छोट्या कंपन्यांचं वेगळं. त्यांचा साचा स्वस्तातला, लवकर झिजणारा; त्यामुळे त्यांची आवृत्ती मराठी कवितासंग्रहासारखी खरोखरच मर्यादित असते. आणि आपली विमानं निघतात ती बहुधा अशाच ठिकाणी. इंग्लंडच्या एअरफिक्सनं नॅट काढला, पण तो दोन खुर्च्यांचा, तिकडच्या शिकाऊ वैमानिकांचा. रेड ॲरोज या कसरतपथकाचा लालभडक. आपला लढाऊ नॅट एका खुर्चीचा. तो हवा तर चेक देशातल्या स्पेशल हॉबीकडे जावं लागतं. त्यांनी नॅटही काढला आणि बंगळूरला नॅटवरून घडवलेला अजितही. गंमत बघा, तो बंगळूरचा कारखाना 1940 च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानाला सोबत घेऊन उभा केला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. त्यांचं नाव सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजावर आहे. पण सांगलीच्या माणसाला ते विमान टेबलावर मांडायचं झालं, तर खोकं परदेशातून यावं लागतं, तेही ‘उघडू नका’ अशा चिठ्ठीसकट. मामांकडे आलेलं खोकं या कुठल्याच कंपनीचं नव्हतं. ज्यांचं होतं त्यांचं नाव सांगत नाही; पुढे त्यांच्याबद्दल बरं बोललेलं नाही.

एका बुधवारी मामांचा फोन आला. “रविवारी ये. येताना चांगला नेलकटर आण.”

सत्तरी ओलांडलेल्या माणसानं नेलकटर मागवला तर पुतण्या-भाच्यांनी कारण विचारू नये. मी कंदी पेढे आणि नेलकटर घेऊन कराड-इस्लामपूरमार्गे एस.टी.नं सांगलीला पोचलो. सोप्यात टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं आणि त्यावर खोकं. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “त्याला कळलं तर काय म्हणेल रे?”

“मामा, उघडलं की किंमत जाते म्हणे,” मी म्हटलं.

“कुणाला विकायचंय?” मामा म्हणाले. “मी गेल्यावर तो विकेल. घेणाराही उघडायचा नाही. म्हणजे हे विमान कधी होणारच नाही. फाड तो कागद.”

मी कागद फाडला. आवाज असा आला, की मामींनी देवाला हात जोडले.

परीक्षण खरं सुरू झालं ते इथे, आणि ते मी केलं नाही. मामांनी एकेक चौकट उजेडाकडे धरली. त्यांचा हात हल्ली कापतो, त्यामुळे चौकटीही कापत होत्या. नजर मात्र स्थिर होती. पंख पास झाले. “बावीस फूट. बरोबर वाटतंय.” खरा नॅट पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम 22 फुटांचा, लांबीला आपल्या एस.टी.पेक्षा लहान. मापाचं झालेलं विमान साडेनऊ सेंटिमीटरही रुंद भरत नाही; तळहातावर मावतं. मग चाकांची झाकणं हाती आली आणि मामा थांबले.

“ही केवढी जाड रे?”

मी पट्टी लावली. “एक मिलिमीटर.”

“गुणिले बहात्तर. सात सेंटिमीटर! हे विमान आहे का बँकेची तिजोरी? अरे, हीच झाकणं हवेत अर्धी उघडून आम्ही ब्रेक म्हणून वापरायचो. अशी जाड असती तर पोरगा जागीच थांबला असता.” पोरगा म्हणजे वैमानिक. मामा स्वतः तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे होते, पण आकाशात गेलेला तो पोरगा आणि खाली थांबलेले ते मामा, हा हिशेब त्यांनी आजवर बदललेला नाही.

पुढचे दोष थोडक्यात देतो. दोन अर्धुकं जुळवायला खुंट्या नाहीत. नुसत्या कडेला कड लावून देवाचं नाव घ्यायचं. चित्रखुणांतला भगवा नागपुरी संत्र्याचा. सूचनापत्रकात पायरी सातनंतर एकदम नऊ. नाकात 5 ग्रॅम वजन भरा, नाहीतर विमान शेपटीवर बसेल, असं मात्र स्पष्ट लिहिलेलं. ते वजन तोलायला मी शिशाच्या गोळ्या घेऊन सराफ कट्ट्यावर गेलो. सराफानं त्या तराजूत टाकल्या, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि अत्यंत सहानुभूतीनं विचारलं, “घरचं मोडायला आणलंय का?”

कापणं, घासणं, चिकटवणं माझ्याकडे होतं. चुका काढणं मामांकडे. तिसऱ्या रविवारी रंग झाला, खुणा लागल्या आणि शेवटचं पारदर्शक झाकण उरलं. वैमानिकाच्या डोक्यावरचं. मामा म्हणाले, “हे मी लावतो.”

आम्ही काही बोललो नाही. मामांना हल्ली सही जमत नाही. मागच्या वर्षी एका बँकेत सही जुळेना म्हणून त्यांना अंगठा द्यायला लावला होता. चाळीस वर्षांचा खातेदार. घरी येऊन दोन दिवस जेवले नव्हते. वायुदलात विमानाला हात लावला की फॉर्म 700 वर सही करावी लागे. झाकण बसवलं, सही. चाक बदललं, सही. त्या सह्या बघून वैमानिक आपली सही करायचा आणि वर जायचा. 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरवर एका नॅटमधून अनेक सेबरांशी झुंजलेल्या निर्मलजितसिंग सेखोंना परमवीर चक्र मिळालं. वायुदलाचं आजवरचं ते एकमेव. त्यांच्याही विमानाच्या फॉर्मवर कुणा फिटरच्या सह्या असणारच. मामा त्या तळावर नव्हते. पण सेखोंचं नाव निघालं की ते प्रथम विचारतात, “त्या दिवशी विमान कुणी तयार केलं असेल रे?”

झाकण लावताना हात कापला. या प्लास्टिकचा डिंक चिकटवत नाही, प्लास्टिकच विरघळवून सांधतो. मामांचा अंगठा क्षणभर काचेवर टेकला आणि त्याचा ठसा, रेघान्‌रेघ, तिथे कायमचा उमटला. आता पुसून जाणार नाही, घासून जाणार नाही. मी गप्प. मामींनी पदर तोंडाला लावला.

मामांनी विमान डोळ्यांजवळ नेलं, ठसा नीट पाहिला आणि म्हणाले, “झाली सही. आता जाऊ दे वर.”

तेव्हा परीक्षकाचा निष्कर्ष असा: प्लास्टिक बरं, झाकणं जाड, भगवा चुकलेला, सूचनापत्रकात एक पायरी गहाळ. उजवा पंख किंचित खाली, तो दोष कंपनीचा नसून सातारचा आहे. खोकं मर्यादित आवृत्तीचं असेल तर घेतल्या दिवशीच उघडावं. आठ महिन्यांपूर्वी मामांचा हात आजच्यापेक्षा कमी कापत होता.

खोकं टाकलेलं नाही. मामींनी त्यात मामांची औषधं भरली, वरून पारदर्शक कागद तंतोतंत गुंडाळला आणि ते पुन्हा कपाटावर ठेवलं. मागच्या रविवारी मामेभावाचा जर्मनीहून व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी तिथेच होतो. त्याला बापाच्या डोक्यामागे ते दिसलं आणि तो खूष झाला.

“बाबा, सांभाळून ठेवलंय ना?”

“ठेवलंय की,” मामा म्हणाले, आणि टेबलावरचा नॅट हळूच फोनच्या मागे सरकवला.