सौरबंबाचा तक्ता आणि लोहाऱ्याचे ऊन

विज्ञान प्रदर्शनात सौरबंबाचा तक्ता नाही, असे सहसा होत नाही. काचेखाली काळा पत्रा आणि नळ्या, वर टाकी, आणि बाजूला तीन वाक्ये : काळा रंग उष्णता शोषतो, काच ती अडवून धरते, गरम पाणी वर चढते. मुले ती घडाघडा म्हणून दाखवतात. आमची तक्रार चित्राबद्दल नाही, या वाक्यांबद्दल आहे. पहिले ठीक. दुसरे अर्धेच खरे. तिसऱ्यात कारण सांगितलेलेच नाही. आणि सर्वांत आधी हवे असलेले चौथे वाक्य तक्त्यावर नसतेच.

काच सूर्यप्रकाश आत घेते, पण तापलेल्या पत्र्याचे अवरक्त किरण बाहेर जाऊ देत नाही, हे खरे. पण १९०९ साली आर. डब्ल्यू. वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने दोन पेट्या उन्हात ठेवल्या. एकीवर काच, दुसरीवर सैंधवाची पारदर्शक पट्टी. सैंधवातून अवरक्त किरण आरपार जातात. तरीही दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. म्हणजे काचेचे मोठे काम तापलेली हवा निसटू न देण्याचे आहे. शाळेत सैंधवाची पट्टी कोठून आणणार? पातळ पॉलिथिन चालेल. त्यातूनही हे किरण बरेचसे निघून जातात. एक पेटी काचेने, दुसरी पॉलिथिनने झाका, तिसरी उघडी ठेवा आणि तापमापक लावा.

आता पाणी. गरम पाणी आपण होऊन चढत नाही, त्याला थंड पाणी ढकलते. २० अंश सेल्सिअसचे पाणी ६० अंशांच्या पाण्यापेक्षा सुमारे दीड टक्क्याने जड असते. १ मीटर उंचीमागे हा फरक पाण्याच्या जेमतेम दीड सेंटिमीटर उंचीच्या दाबाएवढा. एवढ्याशा जोरावर घरचा सौरबंब पंपाशिवाय चालतो. म्हणूनच नळीला मध्येच उलटा बाक येऊन हवा अडकली, किंवा विहिरीच्या जड पाण्याचा क्षार बसला, की पाणी फिरेनासे होते. घरची माणसे म्हणतात, ‘सोलर काही कामाचा नाही.’ टाकी पॅनेलच्या खाली बसवली तर दिवसा पाणी फिरतच नाही. ती पुरेशी उंच नसेल तर रात्री पॅनेलमधले पाणी गार होऊन उलटे फिरते आणि दिवसाची कमाई आकाशाला परत जाते. ‘गरम पाणी वर चढते’ एवढेच शिकलेल्याला हे कसे सुचावे?

चौथे वाक्य असे : गरम पाणी हवे केव्हा? यवतमाळला लागून असलेले लोहारा घेऊ (धाराशिवकडचे लोहारा वेगळे). अक्षांश सुमारे २०.४ अंश उत्तर. मे महिन्याच्या २२-२३ तारखेच्या सुमारास येथे मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. पण तेव्हा गच्चीवरच्या टाकीचेच पाणी इतके तापलेले असते की आंघोळीसाठी ते निवण्याची वाट पाहावी लागते. सौरबंबाची गरज डिसेंबर-जानेवारीत, आणि २२ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे डोक्यापासून सुमारे ४४ अंश कललेला असतो. त्या दिवशी आडव्या पॅनेलला मध्यान्हीच्या थेट उन्हाचा ७२ टक्केच भाग मिळेल. तेच पॅनेल दक्षिणेकडे ३५ अंश उतरते ठेवले तर जवळजवळ ९९ टक्के. मेमध्ये त्यामुळे मिळकत ८२ टक्क्यांवर येईल, पण त्याचे दुःख कोणाला?

‘विदर्भात ऊन भरपूर, मग पॅनेल कसेही ठेवा’ हे म्हणणे आम्ही अनेकदा ऐकले आहे. ते उन्हाळ्याकडे बघून केलेले असते.

२२ डिसेंबरला १ मीटरच्या उभ्या काठीची मध्यान्हीची सावली लोहाऱ्यात सुमारे ९६ सेंटिमीटर पडते, आणि शून्य सावलीच्या दिवशी ती नाहीशी होते. आठवी-नववीची मुले आलेखाच्या कागदावर या सावलीवरून सूर्याचा कोन काढू शकतात. तक्त्यावर मात्र पॅनेलचा कोन लिहिलेला आम्हाला अजून दिसलेला नाही.