न झालेल्या सामन्याचा निकाल

ज्या दोन वीरांची गाठ काळाने कधी पडू दिली नाही, त्यांची झुंज कल्पनेत लावून द्यावी, हा रसिकांचा जुना छंद आहे. मुष्टियुद्धाच्या शौकिनांनी तर तो यंत्राच्याही स्वाधीन करून पाहिला. रॉकी मार्सियानो १९५६ साली अपराजित निवृत्त झाला. महंमद अली व्यवसायात उतरला तो १९६० साली. तरीही १९६९ साली दोघांस चित्रपटासाठी समोरासमोर उभे करून निरनिराळे शेवट चित्रित करण्यात आले. गणकयंत्राचा कौल म्हणून अमेरिकेत मार्सियानो विजयी दाखविला गेला. परंतु शेवट एकाहून अधिक तयार होते, ही एकच गोष्ट त्या निकालाचे मोल सांगण्यास पुरेशी आहे.

गिरगावातील चाळीच्या गॅलरीत व शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर हाच वाद क्रिकेटच्या नावाने रंगतो. त्यासाठी आम्ही एक जोडी सुचवितो: गोलंदाज बाळू पालवणकर आणि फलंदाज सचिन तेंडुलकर. बाळूंनी १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. तेंडुलकरांनी २०० कसोटी सामन्यांत १५,९२१ धावा केल्या. हे दोघे समोरासमोर आले असते तर?

अशा प्रसंगी वृद्ध पक्ष जुन्याची थोरवी गातो, आणि ‘मेलेल्या म्हशीला मणभर दूध’ ही म्हण सार्थ करतो. तरुण पक्ष आकड्यांची चळत पुढे ठेवतो. दोघांचीही चूक एकच: प्रत्येक जण प्रतिस्पर्ध्यास आपल्याच मैदानावर बोलावतो. बाळूंच्या काळी खेळपट्टी उघडी असे. पावसानंतर ऊन पडले की, संथ डावखुऱ्या गोलंदाजाचा चेंडू तीवर भलताच वळे. उलट, त्या काळच्या नियमाप्रमाणे ऑफ यष्टीच्या बाहेर टप्पा पडून आत येणाऱ्या चेंडूवर फलंदाजास पायचीत देता येत नसे. ती मुभा गोलंदाजास १९३५ पासून मिळाली. तेव्हा खेळपट्टी जुनी आणि नियम नवा धरला, तर आमचा कौल बाळूंस. दोन्ही आजची धरली, तर तेंडुलकरांस.

येथवर सारे ठीक. पण खरा प्रश्न पुढेच आहे. बाळू चर्मकार समाजातले. पुण्याच्या जिमखान्यावर खेळपट्टी राखण्याची नोकरी करीत ते गोऱ्या साहेबांस तासन्तास गोलंदाजी करीत. हाती बॅट क्वचितच येई. पुढे हिंदू संघाने त्यांस घेतले. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सहकाऱ्यांस चाले. विश्रांतीच्या वेळी मात्र त्यांस चहा बाहेर, वेगळ्या पात्रात मिळे. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांस हरविले, त्या संघात बाळू होते. तरी संघाच्या कर्णधारपदी त्यांची नेमणूक कधी झाली नाही. तो मान १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल यांस मिळाला. तेंडुलकरांस लहानपणी आचरेकरांसारखे गुरू लाभले, आणि दादरची शाळा व शिवाजी पार्कचे मैदानही. त्यांनी त्याचे सोने केले, हे त्यांचे कर्तृत्व. ते यामुळे तसूभरही उणे होत नाही.

मात्र बळींची सरासरी जे करू दिले गेले त्याचीच नोंद ठेवते. जे करू दिले गेले नाही, त्याचा रकाना धावपुस्तकात नसतो. आमच्या वाङ्मयीन समीक्षेतही हाच प्रमाद घडतो. जात्यावर ओव्या रचणारी बाई आणि छापखाना, मासिके व रसिक लाभलेला कवी यांस आम्ही एकाच तराजूत घालतो, आणि पारडे कुणीकडे झुकले ते मोठ्या गांभीर्याने सांगतो. तुलना करूच नये, असे आमचे म्हणणे नाही; तुलनेवाचून रसिकता आंधळी राहते. पण कोणास काय लाभले आणि कोणापासून काय राखून ठेवले गेले, हे आधी मांडल्यावाचून दिलेला निकाल हा निकाल नव्हे, केवळ आवड होय.

तेव्हा हा सामना कल्पनेत अवश्य व्हावा. खेळपट्टी कोणतीही असो, नियम कोणत्याही सालचे असोत, अट एकच. चहाच्या वेळी बाळू इतर खेळाडूंच्या पंगतीत, त्यांच्यासारख्याच कपातून चहा घेत बसलेले असावेत. तसे झाले असते तर त्यांनी आणखी काय करून दाखविले असते, हे कोणतेही यंत्र सांगू शकणार नाही. पण वाद घालणाऱ्यांनी तो प्रश्न स्वतःस विचारल्यावाचून नाणेफेक करू नये.