मागे घेतलेली सिंफनी

युरोपातील संगीतबंदीचा अभ्यास सुरू केला तेव्हा मी फक्त हुकूम शोधत होतो. असे हुकूम भरपूर सापडतात. व्हिक्टर ह्यूगोच्या ज्या नाटकावर १८३२ मध्ये पॅरिसला एकाच प्रयोगानंतर बंदी आली, त्यावर पुढे व्हेर्दीने ऑपेरा रचायला घेतला. व्हेनिसवर तेव्हा ऑस्ट्रियाची सत्ता होती. रंगमंचावरचा लंपट राजा सेन्सॉरला चालेना. अखेर तडजोड झाली. फ्रान्सच्या राजाचा मांतुआचा ड्यूक झाला, पण विदूषकाचे कुबड व्हेर्दीने सोडले नाही. १८५१ मध्ये ‘रिगोलेत्तो’ रंगमंचावर आला. इथे आक्षेप संहितेवर होता, म्हणून भांडता तरी आले.

शब्दच नसलेल्या संगीताचे काय? जानेवारी १९३६ मध्ये स्टालिन शोस्ताकोविचचा ऑपेरा अर्धवट सोडून उठला. दोनच दिवसांनी ‘प्रावदा’त निनावी लेख आला: ‘संगीताऐवजी गोंधळ’. त्याच वर्षअखेरीस लेनिनग्राडमध्ये त्याच्या चौथ्या सिंफनीच्या तालमी चालू असताना जाहीर झाले, की संगीतकाराने ती स्वतःच मागे घेतली आहे. कुठला सूर आक्षेपार्ह, हे कुणाला सांगावेच लागले नाही. ती प्रथम वाजली ३० डिसेंबर १९६१ रोजी, मॉस्कोत. मध्ये पंचवीस वर्षे गेली.

नोव्हेंबर १९३७ मध्ये पाचवी सिंफनी वाजली आणि टाळ्या थांबेनात. तिचा शेवट नगारे-तुताऱ्यांचा, विजयी. एका व्याख्यानात मी तिला ‘शरणागती’ म्हटले होते. तेव्हा मी चौथी ऐकलेली नव्हती.

संगीत मी ध्वनिमुद्रिकांवरूनच शिकलो. त्यामुळे जे हाती येते त्यावर मत बनते. चौथी मिळाल्यावर दोन्ही लागोपाठ ऐकल्या. चौथी प्रचंड आघातानंतर हळूहळू विझते. शेवटी सेलेस्टाचे काही सूर आणि शांतता. त्या शांततेनंतर पाचवीचा जल्लोष ऐकला, तर त्यात आज्ञापालनाइतकाच दात-ओठ खाल्ल्याचा आवाजही येतो. ‘शरणागती’ हा शब्द मी मागे घेतो.

पण १९३७ च्या श्रोत्यांना ही तुलना करताच आली नाही. त्यांनी तिसरीनंतर थेट पाचवी ऐकली. बंदीचे मोजमाप करताना आपण दडपलेल्या कृती मोजतो. उरलेल्या कृतींचा अर्थ त्यामुळे किती बदलला, तेही त्याच हिशेबात धरायला हवे.